शहराने वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट का नेमावा?

प्रश्न : आम्ही टेक्सासमधील एका मध्यम आकाराच्या शहरात बारा वर्षे राहतो आणि तेथे मालमत्ता कर भरतो. आमच्या नगर परिषदेने वॉशिंग्टनमधील एका लॉबिंग संस्थेबरोबरचा वार्षिक करार नुकताच पुन्हा मंजूर केला. आमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये आहे, राज्याचे दोन सिनेटर आहेत. मग आमचेच म्हणणे मांडण्यासाठी करदात्यांनी आणखी कोणाला पैसे का द्यावेत? हे कायद्याला धरून आहे का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : कायद्याचा भाग आधी सांगतो. अमेरिकेत लॉबिंग हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा जो हक्क 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने दिला, त्यात त्याचे मूळ आहे, आणि 1995 च्या लॉबिंग प्रकटन कायद्याने त्याला नियम घालून दिले आहेत. त्यामुळे आपल्या शहराने केलेला करार केंद्रीय कायद्याविरुद्ध नाही.

तरीही ‘प्रतिनिधी असताना लॉबिस्ट कशाला’ हा आपला प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही. कायद्याच्या दृष्टीने शहर हे राज्याचे अपत्य असून राज्य देईल तेवढेच अधिकार त्याला मिळतात. प्रतिनिधिगृहाचा एक सदस्य सरासरी साडेसात लाखांहून अधिक लोकांसाठी बोलतो, आणि त्याच्या मतदारसंघात आपल्यासारखी अनेक शहरे, गावे आणि काउंट्या असतात. शिवाय पैशांचे सगळे निर्णय काँग्रेसमध्ये होत नाहीत. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात सुमारे 1.2 ट्रिलियन डॉलरची तरतूद होती. त्यातील मोठा हिस्सा ठरलेल्या सूत्राने राज्यांकडे गेला, पण पूल, बस, जलवाहिन्या अशा कामांसाठी बरीच रक्कम स्पर्धात्मक अनुदानांच्या रूपाने वाटण्यात आली. कोणत्या खात्याची कोणती योजना कधी खुली होणार, अर्जात कोणता हिशेब मागितला जाणार आणि शहराने आपला वाटा किती घालायचा, हे आधी कळले तरच अर्ज वेळेत तयार होतो. शहराच्या लॉबिस्टचा बहुतेक दिवस या पाठपुराव्यात जातो. सभागृहाच्या दालनांत होणाऱ्या गाठीभेटी हा त्याच्या कामाचा लहानसा भाग असतो.

कायद्यातील एखादी ओळ शहराला किती महाग पडू शकते, हे करोनाकाळात दिसले. मार्च 2020 च्या मदत कायद्यातील 150 अब्ज डॉलरच्या निधीतून थेट रक्कम मिळण्यासाठी स्थानिक संस्थेची लोकसंख्या 5 लाखांच्या वर असण्याची अट होती. त्यामुळे चार लाख वस्तीच्या शहरालाही राज्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. नॅशनल लीग ऑफ सिटीज आणि महापौरांची परिषद या संघटनांनी लहान शहरांनाही थेट मदत मिळावी यासाठी उघडपणे मोहीम चालवली, आणि 2021 च्या करोना मदत कायद्यात राज्ये व स्थानिक संस्थांसाठी ठेवलेल्या 350 अब्ज डॉलरमध्ये लहान गावांचाही वाटा निश्चित झाला. आपल्या नगर परिषदेने अशा संघटनेचे सदस्यत्व घेतले आहे का, हे जरूर विचारा. सर्व शहरांच्या समान मागण्यांसाठी तो मार्ग स्वस्त पडतो.

मात्र विशिष्ट पूल किंवा विशिष्ट सांडपाणी प्रकल्प यासाठी संघटना भांडत नाही. सदस्यांनी आपल्या भागातील कामांसाठी नावानिशी निधी राखून ठेवण्याची पद्धत 2011 मध्ये थांबवण्यात आली होती. ती 2021 मध्ये नव्या नावाने आणि अधिक कडक प्रकटीकरणासह परत आली. ही मागणी सदस्याच्या कार्यालयात वेळेवर आणि योग्य नमुन्यात पोहोचवण्यासाठी अनेक शहरे लॉबिस्टवर भिस्त ठेवतात. तरीही मार्च 2025 मध्ये संपूर्ण वर्षासाठी जे खर्चविधेयक मंजूर झाले, त्यात अशा कामांना जागाच मिळाली नाही. म्हणून ‘आम्ही अमुक इतके अनुदान मिळवून दिले’ असा दावा संस्था करत असेल, तर लॉबिस्ट नसता तर सूत्रानेच किती मिळाले असते, हे विचारल्याशिवाय तो मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैसे कोणत्या खिशातून जातात ते पाहू. 1989 च्या बर्ड दुरुस्तीनुसार केंद्रीय अनुदान किंवा कंत्राट मिळवण्याच्या लॉबिंगवर केंद्राकडून आलेला निधी खर्च करता येत नाही; हे मानधन शहराच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे आपल्या मालमत्ता करासारख्या पैशांतून द्यावे लागते. संस्था दर तिमाहीला काँग्रेसकडे अहवाल देते. त्यात ग्राहकाचे नाव, विषय आणि ढोबळ रक्कम असते, आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. महापौर किंवा शहराचे कर्मचारी पदाच्या नात्याने स्वतः वॉशिंग्टनला जाऊन बोलले, तर ते मात्र 1995 च्या लॉबिंग प्रकटन कायद्याच्या व्याख्येत लॉबिंग ठरत नाही. त्यामुळे तिमाही अहवाल आणि नगर परिषदेपुढे आलेला करार शेजारी ठेवून वाचल्याखेरीज पूर्ण चित्र हाती येत नाही.

आपल्याच राज्यात हा वाद जुना आहे. करदात्यांच्या पैशांतून लॉबिंग करण्यावर निर्बंध आणणारे विधेयक 2019 मध्ये टेक्सासच्या सिनेटने मंजूर केले आणि प्रतिनिधिगृहाने फेटाळले. त्याचा रोख ऑस्टिनमधील राज्य विधिमंडळापुढच्या लॉबिंगवर होता. मला सरसकट बंदी पटत नाही. माझी खरी चिंता वेगळी आहे. ज्या गावाची जलवाहिनी सर्वांत जुनी, त्याच गावाकडे लॉबिस्टला आणि अर्ज लिहिणाऱ्याला द्यायला पैसे नसतात. स्पर्धात्मक अनुदानांचे प्रमाण जितके वाढेल, तितकी ही दरी रुंदावत जाईल. उपाय केंद्रीय खात्यांच्याच हातात आहे : अर्ज सोपे करणे आणि लहान गावांना तांत्रिक मदत देणे.

प्रश्न : आपल्याकडील महापालिका दिल्लीत असे कोणी नेमतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लॉबिंगची नोंदणी करणारा कायदाच भारतात नाही, त्यामुळे अमेरिकेसारखी उघड नोंदही नाही. महापालिकांचे प्रस्ताव साधारणपणे राज्याच्या नगरविकास विभागामार्फत केंद्राकडे जातात. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने आपल्या शहरांना घटनेत स्थान दिले, जे अमेरिकन शहरांना कधीच मिळाले नाही. पण जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईतील जकात गेली, आणि तिच्या भरपाईसाठी महापालिका राज्याच्या तिजोरीकडे पाहू लागली. अमेरिकन स्पर्धेची जवळची आठवण करून देणारी आपली योजना म्हणजे 2015 चे स्मार्ट सिटी अभियान. जानेवारी 2016 मधील पहिल्या वीस शहरांत पुणे आणि सोलापूर आले, आणि स्पर्धेतील शहरांचे प्रस्ताव तयार करण्यात सल्लागार कंपन्यांचा मोठा हात होता. त्या सल्लागारांना किती मानधन दिले गेले, हे माहिती अधिकाराखाली आपल्या महापालिकेकडे विचारता येते.