मॅचच्या सकाळीच पोटात का दुखतं?

"प्रॅक्टिसला रोज पळत जाते मॅडम, आणि मॅच म्हटलं की पोट धरून बसते. नाटक करते का ही?"

साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका वडिलांनी हे विचारलं तेव्हा त्यांची अकरा वर्षांची, टेनिस खेळणारी मुलगी शेजारीच बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) स्पर्धांचे दिवस आले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच.

नाटक नसतं. ताण आला की आतड्यांचं काम बदलतं आणि दुखणं खरंच जाणवतं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन, शौचातून रक्त, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. हिच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं ठीक होतं.

वडिलांना बाहेर बसवून मी तिला विचारलं, कोर्टवर सगळ्यात अवघड काय वाटतं? मला वाटलं, बॅकहँड म्हणेल.

"बाबांचं तोंड."

तिची परवानगी घेऊन, तिच्यासमोरच मी त्यांना हे सांगितलं. त्यांना फार लागलं. "मी तिथं एक शब्द बोलत नाही हो." तेही खरंच होतं.

पुढच्या महिन्यात गावातच बारा वर्षांखालच्यांची स्पर्धा होती. मी म्हटलं, आयोजकांकडे काम मागा, फक्त मुलीच्या कोर्टवर नको. त्यांना माणसं हवीच होती. सकाळी सातला, अजिंक्यताऱ्यावर ऊन यायच्या वेळी, हे गृहस्थ पाण्याचे जार उचलत होते. बॉलचे डबे द्यायचे, पुढच्या जोडीला हाक मारायची, टेबलावर स्कोअर लिहून घ्यायचा.

आठवड्याने आले तेव्हा बसायच्या आधीच बोलायला लागले. "मला माहीतच नव्हतं मॅडम, एवढीशी पोरं स्वतःच लाइन सांगतात!" प्रत्येक कोर्टवर पंच नसला की असंच असतं. आपल्या बाजूचा बॉल आपणच आत की बाहेर सांगायचा, आणि शंका असेल तर तो आतच धरायचा. एका मुलानं गेम हातातून जात असताना "आत होता" म्हणून समोरच्याला पॉइंट दिला, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मग त्याच मुलाबद्दल म्हणाले, "दर पॉइंटला तो कुंपणाच्या जाळीकडे बघायचा. आई उभी होती त्याची. ती बोलत नव्हती काही. नुसती मान हलवायची, अशी." त्यांनी मान हलवून दाखवली आणि मधेच थांबले.

"मी पण अशीच हलवतो."

मी काही बोलले नाही. ही ओळख पालकाला स्वतःची स्वतःलाच पटावी लागते. माझ्या दहा बैठकांनी ते झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

मुलगी त्या दिवशी पहिल्याच फेरीत हरली. टेबलाशी येऊन तिनं आपला स्कोअर सांगितला, वडिलांनी तो लिहिला आणि पाण्याची बाटली पुढं केली. तिनं विचारलं, "बघितलीत मॅच?"

"नाही गं, जार भरत होतो."

मग बाटली रिकामी होईपर्यंत तिनं उभ्या उभ्याच त्यांना सगळी मॅच सांगितली.

पोटदुखी अजून पुरती गेलेली नाही. पण आता मॅचच्या सकाळी अर्धी भाकरी खाते.