नीतिशास्त्र शिकावे की आंतरराष्ट्रीय राजकारण?

प्रिय विद्यार्थी,

श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत करू नये असे मांडणारा, अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा लाइफबोटविषयीचा (जीवरक्षक नौकेविषयीचा) १९७४ मधील लेख वाचल्यापासून जागतिक संस्थांचा अभ्यास व्यर्थ वाटू लागला आहे, आणि राज्यशास्त्राच्या पदवीनंतर तत्त्वज्ञानाकडे वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. ही अस्वस्थता मी गांभीर्याने घेतो, कारण या क्षेत्रात टिकणारी माणसे बहुधा अशाच प्रश्नातून येतात.

साठ जणांच्या नौकेत, म्हणजे श्रीमंत देशात, पन्नास जण बसले आहेत आणि शंभर जण, म्हणजे जगातील गरीब, पाण्यात आहेत. सर्वांना घेतले तर सर्वच बुडतील, म्हणून कोणालाही घेऊ नये, हा हार्डिन यांचा युक्तिवाद. मात्र नौका कोणाची, तिच्यातील शिधा कुठून आला आणि जागा कोणी ठरवल्या, हे प्रश्न त्या चित्रात येतच नाहीत. तत्त्वज्ञ ओनोरा ओ'नील यांनी १९७५ मध्ये संपूर्ण पृथ्वीलाच एक नौका मानले. मग पाण्यात कोणी परका उरत नाही आणि शिध्यावर ताबा असणाऱ्यांना सहप्रवाशांच्या मृत्यूची जबाबदारी टाळता येत नाही. जागा ठरवणारे नियमही प्रत्यक्षात लिहिलेले आहेत: अडचणीतील देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत, म्हणजे तिच्या संमतीवाचून असा निर्णय होऊच शकत नाही. उलट, ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारात पुढे विकसनशील देशांच्या खर्चासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभारला गेला आणि कालांतराने जगातील सर्व देश त्या करारात आले. जागतिक कारभार नेहमीच निष्फळ ठरतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य तपासावे.

म्हणून केवळ तत्त्वज्ञानाची निवड मी सुचवणार नाही. नैतिक प्रश्न सोबत ठेवा, परंतु पदव्युत्तर शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कायदा किंवा विकासाचे अर्थशास्त्र घ्या; वाटाघाटींच्या मेजावर करुणेइतकीच मसुदा वाचण्याची आणि आकडे पडताळण्याची क्षमता लागते. फ्रेंच शिका, कारण इंग्रजीबरोबर तीच संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची कामकाजाची भाषा आहे. तेथील तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला वयाची ३२ वर्षांची मर्यादा असते आणि पात्र देशांची यादी दरवर्षी बदलते, त्यामुळे तिच्यावरच विसंबू नका. संशोधन संस्था, मदतकार्य करणाऱ्या संघटना आणि सरकारांचे वाटाघाटी विभाग येथेही हेच काम चालते. प्रवेशअर्जापूर्वी मॉन्ट्रियल कराराचा मसुदा आणि त्यातील १९९० च्या दुरुस्त्या शेजारी ठेवून वाचा. त्या वाचनात मन रमले, तर कायद्याचा अभ्यासक्रम निश्चिंतपणे निवडा.