तुमचे प्रश्न : इराण, टक्के आणि उलटा व्हेटो

इराणच्या अणुकार्यक्रमावर बरीच पत्रं आलीत. त्यातले चार प्रश्न घेतोय, बाकीचे याच चारांचे भाऊबंद आहेत.

प्रश्न : बॉम्बला ९० टक्के शुद्ध युरेनियम लागतं म्हणतात. इराण होता ६० वर. अजून ३० टक्के बाकी असताना एवढा आरडाओरडा कशाला?

वजाबाकी बरोबर आहे तुमची, पण इथे वजाबाकी कामाला येत नाही. असं करा, १००० गोट्या घ्या, ७ लाल आणि ९९३ पांढऱ्या. खाणीतून निघालेलं युरेनियम साधारण असंच असतं, कामाचं युरेनियम-२३५ म्हणजे त्या ७ लाल. आता लाल गोट्या वाढवता येत नाहीत, फक्त पांढऱ्या काढता येतात, आणि सेंट्रिफ्यूज गरागरा फिरून तेवढंच करतं. वीज बनवायला ४ टक्के हवं तर ढिगात १७५ गोट्या उरल्या पाहिजेत, म्हणजे ८२५ गेल्या. २० टक्के हवं तर उरतात ३५. ६० ला साधारण १२ आणि ९० ला ८. म्हणजे ६० वरून ९० वर जायला फक्त ४ गोट्या उचलायच्या राहिल्या! (खऱ्या मशीनमध्ये थोड्या लालही वाया जातात, पण हिशोबाचा अंदाज हाच.)

म्हणून निर्बंध उठवण्याच्या बदल्यात इराणने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया आणि चीनशी जो २०१५ चा करार केला, त्यात सगळी घासाघीस याच आकड्यांवर झाली. ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा, १९ हजारांच्या आसपास असलेली सेंट्रिफ्यूज ६,१०४ वर आणायची, डोंगराखालच्या फोर्दोमध्ये १५ वर्षं संवर्धन (म्हणजे पांढऱ्या गोट्या काढणं) बंद, आणि अराकच्या रिअॅक्टरचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतायचं. इराणने मनात आणलंच तर एका बॉम्बपुरतं युरेनियम जमवायला २-३ महिने लागतील असा अंदाज होता, तो किमान १ वर्षावर न्यायचा, एवढाच उद्देश. कार्यक्रम बंद करायचा नव्हताच, वेळ विकत घ्यायचा होता. जून २०२५ मध्ये इराणवर इस्रायलचे हल्ले सुरू झाले तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशोबाने इराणकडे ६० टक्क्यांचा साठा ४४०.९ किलो होता. आता गोट्या आठवा.

प्रश्न : भांडण अमेरिका आणि इराणचं. मग जर्मनी, चीन, फ्रान्स अशी गर्दी कशाला?

कारण सुरुवातीला अमेरिका त्या टेबलावर नव्हतीच. १९८० पासून दोघांचे राजनैतिक संबंध तुटलेले. २००२ मध्ये इराणच्या नतान्झमधल्या युरेनियम संवर्धन केंद्राचं काम उघडकीला आलं आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीचे परराष्ट्रमंत्री थेट तेहरानला गेले, तिथून हे गाडं सुरू झालं. अमेरिका, रशिया, चीन आले ते २००६ मध्ये. आणि गर्दीला अर्थ आहे, निर्बंध एकट्याने लावून भागत नाही, तेल चीन घेतो, बँका आणि विमा युरोपचा, बुशेहरच्या अणुभट्टीला इंधन रशियाचं, यातला एक जरी फुटला तरी दोरी ढिली पडते.

गंमत म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त धास्ती, ते इस्रायल आणि सौदी अरेबिया, खोलीत नव्हतेच.

खोली म्हणजे व्हिएन्नातलं पॅले कोबुर्ग हॉटेल. २०१५ मध्ये ३० जूनची डेडलाइन आली, गेली, परत पुढे ढकलली, परत गेली. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी सायकलवरून पडून पाय मोडलेला, कुबड्यांवर बैठकांना. तांत्रिक घोळ सोडवायला अमेरिकेने ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनिझ आणले आणि इराणने आपल्या अणुऊर्जा संघटनेचे प्रमुख अली अकबर सालेही. मोनिझ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक, सालेहींची पीएचडी तिथलीच. माझ्या मते हा करार जेवढा परराष्ट्रमंत्र्यांचा, तेवढाच या दोघांचा, कारण सेंट्रिफ्यूज मोजायला भाषण येऊन उपयोग नाही. १४ जुलैला १५९ पानांचा मसुदा बाहेर आला.

प्रश्न : एवढ्या सह्या झालेला करार ट्रम्प एकटे कसे मोडू शकले?

सह्याच झाल्या नव्हत्या हो! खरंच. ओबामा सरकारने तो राजकीय बांधिलकी म्हणून केला, तह म्हणून नाही, कारण तह म्हटलं की सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं हवीत आणि ती मिळणं शक्य नव्हतं. त्यामुळे ८ मे २०१८ ला ट्रम्पनी एका घोषणेत विषय संपवला. इराण फसवेल हे धरून पानन्‌पान लिहिलेलं होतं, आणि समोरच्याने निर्बंध लादले तर आम्हीही अटी थांबवू असं इराणने लिहून घेतलं होतं, पण उठून गेलेल्याला परत कसं बसवायचं याला कलम नव्हतं. २०२१ ला व्हिएन्नात परत बोलणी सुरू झाली तेव्हा अमेरिकन मंडळी वेगळ्या हॉटेलात आणि युरोपीय अधिकारी निरोप घेऊन इकडून तिकडे!

प्रश्न : रशिया आणि चीनकडे व्हेटो असताना सप्टेंबर २०२५ मध्ये निर्बंध परत आलेच कसे?

हा सगळ्यात भारी प्रश्न आला. नेहमी व्हेटो वापरून ठराव अडवतात. २०१५ च्या करारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २२३१ मध्ये हे उलटं करून ठेवलं होतं. करारातल्या कुठल्याही देशाने 'इराणने मोठा भंग केला' अशी तक्रार दिली की ३० दिवसांचं घड्याळ सुरू, आणि 'निर्बंध उठलेलेच राहू देत' असा ठराव त्या मुदतीत पास झाला नाही तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे पास करायचं ओझं इराणच्या मित्रांवर. इथे व्हेटो त्यांच्या काहीच कामाचा नाही, आणि ही युक्ती २०१५ मध्ये त्यांनीच मान्य केलेली.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेने हे बटण दाबून पाहिलं होतं, पण १५ पैकी १३ सदस्य म्हणाले की बाबांनो, तुम्ही तर बाहेर पडलात. म्हणून २८ ऑगस्ट २०२५ ला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने दाबलं. रशिया-चीनने मुदत वाढवायचा ठराव आणला, त्याला ४ मतं मिळाली, विरोधात ९. २७ सप्टेंबरच्या रात्री न्यूयॉर्कच्या घड्याळात ८ वाजले आणि निर्बंध परत लागू.

पण ठराव २२३१ ची स्वतःचीच मुदत होती १८ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी इराण, रशिया, चीन म्हणाले, ठराव संपला, विषय संपला, आणि ते बटण दाबणंही आम्ही मानत नाही. युरोपचं म्हणणं, निर्बंध त्याआधीच परत आलेत, आता संपायला काय उरलंय.