राउटर कपाटात आणि तक्रार माझ्याकडे

यावेळी वायफाय-ब्लूटूथबद्दल आलेले निम्मे प्रश्न मागच्याच प्रश्नांची भावंडं आहेत, त्यामुळे काही उत्तरं एका ओळीत उरकतोय, रागावू नका.

प्रश्न: फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, तरी व्हिडिओ अडकतो. असं का?

उत्तर: कांड्या म्हणजे राउटरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतोय एवढंच, फोनचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय का, आजूबाजूला गोंगाट किती आणि राउटरला मागून येणारी लाईन कशी आहे हे त्यात दिसतच नाही. आधी लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि स्पीड बघा. वायरवरही रडत असेल तर नेटवाल्यांना फोन लावा, माझा संबंध संपला. वायरवर चांगलं आणि वायफायवर वाईट असेल तर राउटर कुठे ठेवलाय ते बघा, कारण दहापैकी आठ जणांचा तो टीव्हीमागे, लोखंडी कपाटात नाहीतर जमिनीवर कोपऱ्यात पडलेला असतो, "दिसायला बरं नाही" म्हणून. घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघडा ठेवा. आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल, म्हणजे लेन, साधारण तीनच, १, ६ आणि ११, त्यातच सगळे शेजारी कोंबलेले आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. म्हणून फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर न्या. भिंतीपलीकडे तो लवकर दमतो हे खरं, पण एका खोलीत त्याच्यासारखं सुख नाही.

प्रश्न: ५ गिगाहर्ट्झ वायफाय म्हणजेच ५जी ना?

उत्तर: नाही. ५जी म्हणजे मोबाइल नेटवर्कची पाचवी पिढी. दोन्हीकडे पाच आहे, बाकी काही संबंध नाही.

प्रश्न: फोनच्या मागे चिकटवायचं सिग्नल वाढवणारं स्टिकर घेऊ का?

उत्तर: नको.

प्रश्न: बॉक्सवर ५४०० लिहिलेला राउटर घेतला, फोनवर त्याच्या पावपटही स्पीड येत नाही. फसवलं का?

उत्तर: खोटं बोलले नाहीत, पण खरंही सांगितलं नाही. तो आकडा दोन्ही पट्ट्यांवरच्या कमाल स्पीडच्या, एमबीपीएसमधल्या, बेरजेचा असतो: २.४ वर ५७४ आणि ५ वर ४८०४, बेरीज ५३७८, गोल केलं की ५४००. दोन रस्त्यांच्या वेगमर्यादा मिळवायच्या आणि गाडी तेवढ्या वेगाने पळेल म्हणून सांगायचं, तसलाच प्रकार. बहुतेक फोनना वायफायचे अँटेना दोनच, त्यामुळे नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर कागदावरची कमाल १२०१, आणि प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी नशीब. त्यातून तुमचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल तर कुठलाही राउटर नेट १०१ करून देणार नाही. आणि हो, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, डाऊनलोडच्या खिडकीत बऱ्याचदा मेगाबाइट दिसतं, प्लॅनचा आकडा ८ ने भागा आणि मग भांडायला जा. नवीन घेण्याआधी आपला प्लॅन आणि आपला फोन काय झेपवतो ते नेटवाल्यांना आणि फोनच्या स्पेसिफिकेशनला विचारा, काउंटरवरच्या माणसाला नाही.

प्रश्न: मागच्या खोलीत रिपीटर लावला. कांड्या भरल्या, स्पीड पडला.

उत्तर: कारण साधा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा डबा, एकाच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच पुढे बोलतो, म्हणजे स्पीड निम्मा झालाच. त्यात तुम्ही तो जिथे सिग्नल मेलाय तिथेच लावलात. अर्ध्या वाटेवर लावा. वायर ओढणं शक्य असेल तर मात्र वायरच ओढा आणि टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, लावा, साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. महागडं मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या डब्यांचा संच, घेतलं तरी नियम हाच.

प्रश्न: राउटरच्या यादीत अनोळखी डिव्हाइस दिसतंय. नेटवर्कचं नाव लपवलं, आता सेफ आहे ना?

उत्तर: नाही! आणि हे मी किती वेळा लिहिलंय. पहिली गोष्ट, ते अनोळखी डिव्हाइस बहुतेक तुमचाच फोन असेल, आजकालचे फोन मुद्दाम खोटा हार्डवेअर पत्ता, म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक, दाखवतात, प्रायव्हेट ॲड्रेस म्हणून सेटिंगमध्ये दिसेल. दुसरी, नाव लपवून काही होत नाही, उलट तुमचा फोन जाईल तिथे त्या लपलेल्या नावाने हाका मारत फिरतो. हा सल्ला कुणी फॉरवर्ड केला असेल तर त्याला माझं हे उत्तर फॉरवर्ड करा.

खरी भोकं वेगळीच आहेत. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा, आज, जेवायच्या आधी. त्याचा पिन ८ आकडी, शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, म्हणजे १०,००० अधिक १,०००, फार तर ११,००० प्रयत्नांत दार उघडं. हे २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालंय आणि अजून लोक "बटण सोयीचं आहे हो" म्हणतात. पुढे, वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला तुम्ही मुलाच्या वाढदिवसावर ठेवलाय आणि दुसरा अजून ॲडमिन-ॲडमिन आहे, बरोबर ना? दोन्ही बदला, लांब ठेवा. सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार निवडताना, डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर राउटर भंगारात, ते २००१ मध्येच फुटलंय. वायफायवर चालणारे बल्ब, कॅमेरे, पाहुणे सगळे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरमधल्या वेगळ्या नावाच्या वायफायवर. आणि सॉफ्टवेअर अपडेट! २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच दोष सापडला तेव्हा इलाज अपडेटच होता, आणि ज्या राउटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलंय तो चालत असला तरी म्हातारा झालाय. राउटर नेटवाल्यांनी दिलेला असेल तर काही सेटिंग बंद असतात, त्यांच्या माणसाला बोलवा, समोर बसवून करून घ्या, "करतो सर" वर सोडू नका.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान, लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा. बिघडलाय?

उत्तर: बिघडलेला नाही. माईक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा पाडतं. मीटिंगमध्ये माईक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला. तरीही तसाच असेल तर मग सर्व्हिस सेंटर.

प्रश्न: ब्लूटूथ सतत चालू ठेवलं तर बॅटरी खातं का?

उत्तर: नगण्य. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर आहे. घरात वायफाय ठेवावं का, फोन खिशात चालेल का?

उत्तर: फोन शर्टाच्या वरच्या खिशात नको, पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब असू दे, आणि मागे चुंबक असलेले फोन आणि त्यांचे चार्जर याबाबत जास्त सांभाळा, कारण चुंबक जवळ आलं की पेसमेकरचं काम बदलू शकतं. फोन कानाला लावायचा तर दुसऱ्या बाजूच्या. खोलीतल्या राउटरची एवढी भीती नको, फक्त त्याला छातीशी धरून बसू नका. पण मी राउटरवाला माणूस आहे, हृदयाचा नाही. पेसमेकरसोबत मिळालेलं कार्ड घ्या, त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं, आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना या आठवड्यातच विचारा.