घरात कॉम्प्युटर नाही, मग लेकीला कॉम्प्युटरला घालायचं का?

दहावीचा निकाल लागला की कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातले पालक हा प्रश्न हमखास घेऊन माझ्याकडे येतात. मूल मराठी माध्यमात शिकलेलं, दहावीनंतर पॉलिटेक्निकला करायच्या कॉम्प्युटर डिप्लोमाची पुस्तकं इंग्रजीत आणि घरात मोबाईलपलीकडे काही नाही. तिथं पोर टिकेल का? गेल्या काही वर्षांतली एक मुलगी मला यासाठी आठवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिची आई निपाणीत विड्या वळते. बसल्या बसल्याच म्हणाली, "म्याडम, पोरगी हुशार हाय. पण कॉम्प्युटर तिनं जवळनं बगितलाय कुठं? आर्ट्सलाच घालू का? नायतर बचत गटातनं कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा म्हणतोय." मुलगी गप्प होती. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण बहुतेक वेळा कुलूपबंद.

गणिताचे गुण चांगले होते. पण मला गुणांपेक्षा तिची विचार करायची रीत बघायची होती. मी म्हटलं, "आईची आठवड्याची मजुरी कशी काढायची, ते मला काहीच ठाऊक नाही असं समजून लिहून दे." तिनं वहीच्या पानावर ओळीनं पायऱ्या मांडल्या. रोजच्या विड्या किती, त्यातून खराब म्हणून छाट काढलेल्या वजा, उरलेल्यांचा हजारी दरानं हिशेब. मग स्वतःहूनच पुढं लिहिलं: एखाद्या दिवशी पानं कमी आली तर तो दिवस वेगळा धरायचा. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला शिकवतात ते हेच असतं, क्रम आणि अट. ते पान मी आईपुढं ठेवलं आणि सांगितलं, "ताई, डोकं तयार आहे. हाताला सवय नाही, एवढंच."

माझं ठाम मत आहे की अशा मुलांना आपण कुवतीच्या नावाखाली मागं ठेवतो. कमी पडलेले असतात ते यंत्रासमोर बसायचे तास. शहरातल्या मुलाला ते लहानपणापासून फुकट मिळालेले असतात. हिला ते कुणी दिलेच नाहीत. मग ते द्यायचे कधी? परीक्षा संपल्यापासून प्रवेशापर्यंतच्या सुट्टीत.

लॅपटॉपचं कर्ज मी थांबवायला सांगितलं. डिप्लोमाच्या सुरुवातीला कॉलेजची लॅब पुरते, पुढं गरज पडली तर जुना डेस्कटॉपही चालतो. गावातल्या एका क्लासमध्ये रोज एक तास मशीन मिळेल एवढीच फी भरली. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे कॉम्प्युटर शिकवणारे व्हिडिओ धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. ते नुसते बघायचे नसतात. थोडं ऐकायचं, थांबवायचं, तेच आपल्या हातानं करायचं. ती मोबाईलवर ऐकायची आणि क्लासच्या मशीनवर करायची.

इंग्रजीसाठी वेगळी शिकवणी लावली नाही. कर्नाटक बोर्डाचं दहावीचं गणिताचं पुस्तक मराठीत आहे तसं इंग्रजीतही आहे, आणि दोन्ही ऑनलाइन मोफत मिळतात. धडे तेच, उदाहरणंही तीच. जे गणित येतंय तेच इंग्रजीत वाचायचं, म्हणजे भीती निम्मी होते. एआयसीटीई म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, तिच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर डिप्लोमाची काही पुस्तकं मराठीतही आहेत. अडलं की तिथं समजून घ्यायचं आणि पेपर इंग्रजीत लिहायचा, असं आमचं ठरलं.

पैशाचं बोलणं मात्र सविस्तर करावं लागलं, कारण बहुतेक घरं इथंच माघार घेतात. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती डिप्लोमा आणि पदवीच्या मुलींसाठी आहे. वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. निवड गुणांवर होते, त्यामुळं ती मिळेलच असं धरून चालू नये. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी मदत आहे. त्यासाठी आईचं विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, आणि ते ट्रंकेत तळाशी पडलं होतं. दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच होतात. बसचा खर्च तर मुलींना उरलेलाच नाही, जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत.

"कोल्हापूरला घालू का मग?" आईनं विचारलं. रास्त प्रश्न. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा, असे दोन्ही दाखले लागतात आणि ते निकालाआधीच काढून ठेवावेत. पण तिकडं राहिलं तर खोलीचं भाडं आणि मेस आली. या घराला ते परवडणारं नव्हतं, म्हणून इकडच्याच सरकारी पॉलिटेक्निकला फॉर्म भरला.

पहिलं सेमिस्टर जड गेलं. वर्गात प्रश्न विचारायला ती कचरायची, गुणही बेताचे पडले. आई घाबरून पुन्हा आली. मी मुलीला एवढंच सांगितलं की लॅबमध्ये पहिल्या बाकावर बसायचं आणि की-बोर्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. जोडीनं काम करताना ज्याला येतं तोच टाइप करतो आणि दुसरा नुसता बघत राहतो. असं बघत राहण्यातच मुली मागं पडतात, हे मी वारंवार पाहिलंय.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचं की आधी नोकरी धरायची, यावर आमचं पुढचं बोलणं ठरलंय. या वेळी ती एकटीच येणार आहे, आणि प्रश्नही तिनंच लिहून पाठवलेत.