कापसाचा हिशेब आणि प्रोग्रामिंगमधील दोन पंथ

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जवळच्या जिनिंगसाठी काट्याची पावती आणि कापसाच्या रकमेचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहीत आहे. आमचे एक सर म्हणतात, जावा या प्रोग्रामिंग भाषेप्रमाणे सर्व काही ऑब्जेक्टमध्ये मांडावे. दुसऱ्या सरांच्या मते ती पद्धत जुनी झाली, आता फंक्शनल पद्धतच शिकावी. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : बदलत राहणारी माहिती कोठे ठेवावी आणि ती कोणाला बदलू द्यावी, हा या वादाचा गाभा आहे. ऑब्जेक्ट पद्धतीत माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवून बाहेरच्या कोडला तिच्यापासून दूर ठेवले जाते. फंक्शनल पद्धत दिलेल्या माहितीवरून उत्तर काढून देणाऱ्या फंक्शनांवर भर देते आणि बदलच शक्य तितका टाळते. मात्र तिला नवी म्हणता येणार नाही : तिची मुळे १९५८च्या लिस्प या भाषेपर्यंत जातात, तर ‘जुन्या’ ऑब्जेक्ट पद्धतीचा पाया नॉर्वेत तयार झालेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेने घातला. आणि संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ट्युरिंग पुरस्काराच्या १९७७च्या व्याख्यानात फंक्शनल पद्धतीची बाजू मांडणारे जॉन बॅकस हे फोरट्रान या, पायरीपायरीने आज्ञा देत माहिती बदलत जाणाऱ्या, भाषेचेच जनक होते!

आपल्या कामात दोन्ही पद्धतींना जागा आहे. वजन, ओलाव्यामुळे होणारी कपात आणि भाव यांवरून रक्कम काढणारा भाग शुद्ध फंक्शन म्हणून लिहावा, म्हणजे त्याने स्क्रीन, फाइल किंवा डेटाबेस यांना हात लावू नये. असे केल्यास कपातीचा नियम बदलला तरी जुन्या पावत्यांचे आकडे घालून तो भाग स्वतंत्रपणे तपासता येतो, आणि शेतकऱ्याने रकमेबद्दल शंका घेतली तर तोच हिशेब त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवता येतो. काट्यावरील गाडीचे तसे नाही. तिचे आधी भरलेले वजन नोंदले जाते, माल उतरल्यावर रिकामे वजन येते, आणि तोपर्यंत तिची नोंद अपुरी असते. ती नोंद ऑब्जेक्टमध्ये ठेवून, रिकामे वजन येण्यापूर्वी पावती छापली जाणार नाही, ही जबाबदारी त्याच ऑब्जेक्टवर टाकावी.

यासाठी भाषा बदलण्याची गरज नाही. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ने लॅम्डा, म्हणजे नाव न देता लिहिलेली छोटी फंक्शन्स, स्वीकारले आणि पायथॉनमध्ये दोन्ही पद्धतींनी लिहिता येते. दिवसभराच्या आवकेची बेरीज करताना तर दोन्ही सरांना बाजूला ठेवून एसक्यूएल ही डेटाबेसकडून माहिती मागण्याची भाषा वापरावी. तेथे काय हवे एवढेच सांगायचे असते, ते कसे शोधायचे हे डेटाबेस ठरवतो.