आजी, अंघोळ रोज तुम्हीच घालता ना?

"गोळी खाली उतरली नाही म्हणतात. मोठा झाला की उतरेल ना?" जळगाव-धुळ्याकडच्या आया मुलाच्या अंडकोशातल्या गोळीबद्दल, म्हणजे वृषणाबद्दल, हे इतक्या वेळा विचारतात, की त्यातली एक केस ओळख बदलून लिहिते आहे.

बाळ अकरा महिन्यांचं, अंडकोशाची उजवी बाजू रिकामी. सर्जनकडे जायला सांगितलं होतं, पण आजी अडून बसलेल्या: "त्याना बापनं बी आसंच व्हतं, आपोआप उतरी गयं." आई गप्प. गरोदरपणात आपलंच काही चुकलं, हे तिच्या मनात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांना जन्मतः असं असतं, कमी दिवसांच्या बाळांत बरंच जास्त, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळं बोलली.

पण घरात निर्णय तिचा नव्हताच. ज्याच्या शब्दाला घरात वजन, त्याला समोर बसवल्याशिवाय समुपदेशन पुढे सरकत नाही, हे माझं ठाम मत. आजींना बोलावलं.

"आजी, अंघोळ रोज तुम्हीच घालता ना?"

"मग कोण घालणार?"

"कोमट पाण्यात बसवल्यावर पिशवीत गोळ्या किती लागतात हाताला?"

आजी थांबल्या. "डावी लागते. उजवी... नाही लागली कधी."

"आणि याच्या बापाची?"

"थंडीत वर जायची. ऊन पाणी पडलं की खाली."

निदानातला सगळ्यात नाजूक फरक आजींनी स्वतःच सांगून टाकला. चूक दाखवली असती तर त्या भांडल्या असत्या. साक्ष मागितली, तर खरं बोलल्या.

बापाची गोळी वर-खाली सरकणारी होती. तिला ऑपरेशन लागत नाही, पण दरवर्षी तपासणी हवी, कारण काही गोळ्या पुढे वरच राहतात. बाळाची मुळात उतरलेलीच नव्हती. अशी गोळी उतरायची तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत उतरते. पुढे वाट पाहिली तर शरीराच्या उष्णतेत बीज तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. तेल चोळून किंवा ओढून गोळी उतरत नाही.

तपासणी हातानेच होते. हात ऊबदार हवेत, बाळ शांत हवं. गार हातांनी किंवा बाळ रडत असताना चांगली गोळीही वर चढते. आधी सोनोग्राफीचा खर्च करायची सहसा गरज नसते. मात्र जन्मतः दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील तर सहा महिने थांबू नका. लगेच दाखवा.

आजींची एकच अट राहिली: कानबाई, म्हणजे खानदेशातला श्रावणातला सण, होऊ द्या. तेव्हा बाळ तेरा महिन्यांचं होणार होतं, म्हणून हो म्हटलं. पण "नंतर बघू" नाही. त्याच बैठकीत सर्जनची तारीख घेऊन कॅलेंडरवर लिहायला लावली. मग आजींनी विचारलं, घरी कधी सोडतील? बहुतेकदा त्याच दिवशी. पुढे काही आठवडे मात्र बाळाला कडेवर पाय फाकवून घ्यायचं नाही, तीनचाकीवर बसवायचं नाही.